सात मायक्रॉन, अधिक-उणे किती?

आमच्या मापशाळेत इतकी शांतता असायची की धूळ खाली बसल्याचा आवाज यायचा. एकदा शेजारच्या खोलीत कुणीतरी शिंकलं आणि आमची चौदा मापं बाद झाली. त्यातली दोन तर शिंकेच्या आधीच घेतलेली होती. विश्वास बसत नसेल तर माझ्या बायकोला विचारा. ती म्हणेल, "यांचं काही ऐकू नका." पण तिच्याच भावाची ही गोष्ट आहे, आणि ती सांगताना मी एक मायक्रॉनही वाढवत नाही, कारण वाढवायला त्यात जागाच उरली नाही.

मायक्रॉन म्हणजे काय, ते आधी सांगून टाकतो. डोक्यावरचा एक केस घ्या. माझ्या डोक्यावरचा नको, तिथे शोधण्यात दिवस जाईल. त्या केसाचे जाडीत सत्तर भाग करा, त्यातला एक म्हणजे साधारण एक मायक्रॉन. कारखान्यांतून पोलादाचे सुटे भाग आमच्याकडे यायचे, आम्ही ते मोजायचो आणि दाखला द्यायचो. दाखल्यावर दोन आकडे. पहिला म्हणजे माप. मग अधिक-उणेची खूण, आणि तिच्यापुढे दुसरा आकडा : या मापाबद्दल आम्हाला किती शंका आहे तो. पहिला आकडा सगळे वाचायचे, दुसरा कुणीच नाही. ही गोष्ट त्या दुसऱ्या आकड्याची आहे आणि ती आठवली की आजही माझे दात आपोआप आवळले जातात. उरलेत तेवढे.

मापशाळेच्या प्रमुखांना आम्ही पाठीमागे दशांशसाहेब म्हणायचो. वय विचारलं तर "बावन्न पूर्णांक तीन" असं सांगणारा माणूस. त्यांचा सगळा जीव त्या दुसऱ्या आकड्यात. तो जितका लहान तितकी मापशाळा मोठी, असं त्यांचं गणित होतं. तो लहान करायचा उपायही त्यांच्याकडे तयार : मोजा, पुन्हा मोजा, हजारदा मोजा. मी एक दांडा इतक्यांदा मोजलाय की शेवटी तो झिजून माप बदललं आणि पुन्हा पहिल्यापासून मोजावं लागलं.

आमचे दोन नियम देवघरासारखे पाळले जायचे. पहिला नियम पाहुण्याचा. बाहेरून आलेला भाग काळ्या ग्रॅनाइटच्या टेबलावर पूर्ण एक दिवस निजवून ठेवायचा, म्हणजे प्रवासाचा शीण जाऊन तो खोलीच्या तापमानाला येतो. पोलाद गरम झालं की लांबतं, थंड झालं की आखडतं, म्हणून खोली बारा महिने वीस अंशांवर. दुसरा नियम मास्टरचा. मास्टर म्हणजे ज्याच्याशी बाकी सगळ्यांची तुलना करायची तो पोलादाचा ठोकळा. तो कपाटात मखमलीवर झोपायचा. हातमोजे घालून, चिमट्याने उचलून त्याला बाहेर आणायचं, डायलखाली धरायचं, काटा शून्यावर लावायचा आणि एका मिनिटाच्या आत परत कपाटात. जास्त वेळ बाहेर राहिला तर त्याला नजर लागेल, अशी साहेबांची एकंदर मुद्रा असायची.

आणि टेबलावर होता एक दिवा. पिवळ्या उजेडाचा, परातीएवढ्या टोपीचा. तीन वर्षांपूर्वी साहेबांनीच तो लावून घेतला, डायलवरच्या रेषा स्वच्छ दिसाव्यात म्हणून. तो दिवस-रात्र चालू असायचा. बंद-चालू केलं की खोलीचं तापमान हलतं, असा त्यांचा हुकूम. तेव्हा मला तो हुकूम फार शहाणपणाचा वाटला होता.

आता माझा मेहुणा. त्याला सगळे केसभर म्हणायचे, कारण त्याच्या तोंडी तोच शब्द. दार नीट लागत नाही? "केसभर घासायला हवं." लग्नात हार आखूड पडला? "केसभरच." बायकोचा थोरला भाऊ, एकसष्टीला टेकलेला, घरामागच्या शेडमध्ये स्वतःचं लेथ. औषधाच्या गोळ्या करणाऱ्या एका कंपनीच्या यंत्रासाठी तो तीस वर्षं पोलादाच्या कांड्या करून देत होता : तीनशे मिलिमीटर लांब, पाच मायक्रॉन इकडे किंवा तिकडे, त्यापलीकडे चालणार नाही. शेवटचा हात तो यंत्राने नाही, स्वतः द्यायचा. सपाट पाटीवर घासायची पेस्ट लावून, कांडीचं टोक घासत, कान लावून ऐकत. म्हणायचा, "पोलाद आवाज देतं, भावजी. बस म्हणतं."

तर त्या वर्षी कंपनीत नवा खरेदी-अधिकारी आला. त्याने केसभरला सरळ सांगितलं की या बारा कांड्या मापशाळेच्या दाखल्यासकट द्या. दाखला बरोबर आला तर काम तुमच्याकडे राहील. नाही आला, तर यापुढे कांड्या कॉम्प्युटरवर चालणाऱ्या मशीनवाल्यांकडून.

"आणि तसं झालं," केसभर आमच्याकडे जेवायला बसला असताना म्हणाला, "तर मी लेथला कापड घालणार. कायमचं."

"दादा, असं काय बोलतोस!" बायको म्हणाली.

"मग काय करू? ज्या हातांवर तीस वर्षं कुणी शंका घेतली नाही, त्या हातांनी आता गोट्या खेळू?"

बायकोने माझ्याकडे पाहिलं. त्या नजरेचा अर्थ जगातल्या सगळ्या नवऱ्यांना कळतो. माझ्या भावाचं काम तुमच्या हातात आहे, घोळ घालू नका.

मी घोळ घातला नाही. तेच तर दुःख आहे. सगळं नियमाने केलं. बारा कांड्या टेबलावर एक दिवस निजवल्या. मास्टर चिमट्याने आणला, मिनिटात परत नेला. प्रत्येक कांडी शंभर-शंभर वेळा मोजली. बाराशे मापं, आणि सगळी एका माळेतल्या मण्यांसारखी : सात मायक्रॉन जास्त. केसभरने आपल्या शेडमध्ये मोजून पाठवलेल्या चिठ्ठीवर मात्र बाराही कांड्यांपुढे एकच आकडा होता. शून्य.

दशांशसाहेबांनी दाखला तयार केला. माप सात मायक्रॉन जास्त. शंका, अधिक-उणे शून्य पूर्णांक एक.

"साहेब," मी म्हटलं, "हा शून्य पूर्णांक एक फक्त माझ्या हाताचा आहे. माझा हात कधी इकडे थरथरतो, कधी तिकडे. शंभरदा मोजलं की त्या थरथरी एकमेकींना खाऊन टाकतात. ते ठीक. पण मापशाळेची स्वतःची काही चूक असेल, दर वेळी एकाच बाजूला, दर वेळी तेवढीच, तर ती शंभरदा मोजून कशी जाईल? ती शंभरदा तेवढीच येईल."

"कुठली चूक?"

"माहीत नाही."

"मग नाहीये."

"नाहीये असं नाही, साहेब. माहीत नाहीये."

साहेबांनी चष्मा काढून पुसला. ते चिडले की चष्मा पुसायचे. "हे बघा मापारी, ठरलेली चूक म्हणजे ठरलेली. असेल तर आहे, नसेल तर नाही. तिला संभव कसला लावता? ती काय फासा आहे, आज सहा पडली, उद्या दोन?"

"फासा पडून गेलाय, साहेब. वाटीखाली झाकलेला आहे. आता तो हलणार नाही, हे खरं. पण वाटी उचललेली नाही तोपर्यंत आपल्याला सहाच्या सहा बाजू धरूनच बोलावं लागेल ना? संभव फाशात नाही, आपल्या अज्ञानात आहे. त्या अज्ञानाला रुंदी द्या. पाच-सहा मायक्रॉनची द्या. दाखल्यावर लिहा, सात, अधिक-उणे सहा."

"सहा!" साहेब असे ओरडले की डायलचा काटा हलला. मी पाहिला. "गल्लीतला सुतार पट्टीने मोजून देईल याहून बरं! मी आकडे लिहितो मापारी, अंदाजपंचे लिहीत नाही. सही करा."

दाखल्यावर दोन सह्या लागायच्या. मोजणाऱ्याची आणि प्रमुखांची. मी कुरकुरत सही केली. कुरकुर कागदावर उमटत नाही. उमटते ती सही.

संध्याकाळी दाखला घेऊन केसभरच्या घरी गेलो. बायको आधीच जाऊन बसली होती. त्याने कागद दोनदा वाचला, आणि काय सांगू, तो दुसरा आकडा वाचणारा पहिला माणूस मला आयुष्यात भेटला तो हा.

"शून्य पूर्णांक एक," तो हळू म्हणाला. "म्हणजे तुम्हाला खात्रीच आहे."

"नाही दादा, तेच सांगायला आलोय. तो आकडा खरा नाही. म्हणजे खरा आहे, पण अर्धा आहे. हे बघा, आमच्या स्वयंपाकघरातलं घड्याळ."

"माझ्या घड्याळाचं काय?" बायको लगेच म्हणाली.

"तू ते मुद्दाम सात मिनिटं पुढे ठेवतेस. रोज सातच. तुला माहीत आहे, म्हणून तू मनात सात वजा करतेस. पण पाहुणा आला तर? त्याला काय माहीत! त्याने ते घड्याळ हजारदा पाहिलं तरी त्याला सात मिनिटं पुढचीच वेळ दिसणार. पण पाहुणा शहाणा असेल तर म्हणेल, लोकांच्या घरची घड्याळं पाच-दहा मिनिटं इकडेतिकडे असतातच, कुणाची पुढे, कुणाची मागे, तेव्हा आपण दहा मिनिटांची सवड ठेवून निघू. घड्याळाची चूक ठरलेली. पाहुण्यासाठी तरीही ती संभवाची गोष्ट. आमच्या मापशाळेत आम्ही सगळे पाहुणे आहोत, दादा. साहेबांना वाटतं आपण घरचे आहोत."

केसभरने ऐकलं. मग म्हणाला, "म्हणजे तुमच्या मते माझ्या कांड्या बरोबर आहेत?"

"असू शकतील."

"म्हणजे चूकही असू शकतील."

"हो. पण 'सात जास्त, अधिक-उणे सहा' असं लिहिलं असतं, तर त्या बाद आहेत असं कुणाला छातीठोक म्हणता आलं नसतं."

"आणि बरोबर आहेत असंही नाही!" तो उठून उभा राहिला. "भावजी, तुमचा साहेब मला निदान चूक तरी म्हणतो. तुम्ही मला 'बहुतेक' म्हणता. तीस वर्षं मी बहुतेक कांड्या केल्या का? जा, जेवून घ्या."

आलं ना लक्षात? साहेबांना माझा 'बहुतेक' नको, कारण तो त्यांना घाण वाटतो. मेहुण्याला नको, कारण तो त्याला अपमान वाटतो. अख्ख्या जगात त्या 'बहुतेक'ची बाजू घेणारा मी एकटा. बायको म्हणाली, "तुम्हाला सरळ काही बोलताच येत नाही का हो?" आणि घरी गेल्यावर तिने घड्याळ बरोबर लावलं. पुढचा आठवडाभर आम्ही सगळीकडे उशिरा पोचलो.

मी हट्टाला पेटलो. केसभरकडून बारावी कांडी मागून घेतली आणि ओळखीच्या तीन मापशाळांकडे एकामागून एक पाठवली. एक नदीपलीकडची, एक जहाजाचे भाग मोजणाऱ्यांची, एक सरकारी. विचार साधा होता. आमची चूक आम्हाला आतून दिसत नाही. पण मापशाळांचं एक पोतं आहे असं समजा, त्यातली प्रत्येक आपापली ठरलेली चूक घेऊन बसलेली, आणि आम्हीही त्याच पोत्यातले. मग बाकीच्या एकमेकींपासून किती फाकतात ते पाहिलं की आपण किती फाकू शकतो, याचा सभ्य अंदाज येतो. चूक किती आहे ते कळत नाही. ती किती असू शकेल ते कळतं.

आठ दिवसांनी तिघांचे दाखले आले. एकाचं म्हणणं अडीच कमी. दुसऱ्याचं दीड जास्त. तिसऱ्याचं तीन जास्त. आणि तिघांनीही शंकेच्या जागी छाती पुढे काढून लिहिलेलं : अधिक-उणे शून्य पूर्णांक दोन, एक, तीन. एकाचा आकडा दुसऱ्याच्या वाऱ्यालाही उभा नाही. कांडी एक, आणि चार मापशाळांची चार सत्यं, प्रत्येक दुसऱ्या तिघींना खोटं पाडणारं.

मी ते कागद साहेबांपुढे पसरले. वाटलं, आता तरी.

साहेबांनी ते नाकाजवळ धरून वाचले. "हं," म्हणाले, "तिघंही चुकलेत."

माझ्या टाळूवर लाही फुटली असती. मी मोजणीच्या खोलीत गेलो, स्टुलावर बसलो आणि टेबलावर डोकं टेकलं. सरळ कपाळ ग्रॅनाइटवर. म्हटलं, दगड थंड असतो, निदान डोकं तरी थंड होईल.

झालं नाही.

मी डोकं तसंच ठेवून विचार करत राहिलो. रागाने माझं कपाळ तापलंय की काय? मग हळूहळू डोकं सरकवत टेबलाच्या दुसऱ्या टोकाला नेलं. तिथे दगड गार होता. परत सरकवत दिव्याखाली. कोमट. परत टोकाला. गार. त्या वेळी कुणी दारातून पाहिलं असतं तर मापारी टकलाने टेबल पुसतोय असंच वाटलं असतं. पण केस असलेल्या माणसाला हे कधीच कळलं नसतं, आणि ज्यांनी आयुष्यभर मला टकल्या म्हणून चिडवलं त्यांनी हे लक्षात ठेवावं.

थर्मामीटर आणला. खोलीतला भिंतीवर असायचा, तो बिचारा वीस सांगत होता आणि खरंच सांगत होता. टेबलावर दिव्याखाली ठेवला तर बावीस. कपाटात मास्टरजवळ, वीस. तीनशे मिलिमीटर पोलाद दोन अंशांनी तापलं तर किती लांबतं? सात मायक्रॉन. शिष्टाचार म्हणून आम्ही पाहुण्याला एक दिवस दिव्याखाली निजवून तापवत होतो, आणि आदर म्हणून मास्टरला एका मिनिटात गार कपाटात परत नेत होतो. मग गरम पाहुण्याची थंड यजमानाशी तुलना. तीन वर्षं! केसभरच्या त्या पत्र्याच्या शेडमध्ये ना यंत्राचा गारवा, ना मखमल. पण त्याचा जुना मास्टर आणि कांडी दोघं एकाच बिडाच्या पाटीवर रात्रभर शेजारी पडलेले असायचे. दोघं तापले तर बरोबर तापणार, आखडले तर बरोबर. म्हणून त्याचं शून्य खरं.

मी उठलो तो धावतच निघालो. साठीच्या आसपासचा माणूस धावतो म्हणजे काय ते रस्त्यावरच्या कुत्र्यांनाही कळेना. दोन कुत्री काळजीने बरोबर आली.

केसभर शेडमध्ये चहा पीत बसला होता. समोर बाकावर ओळीने अकरा कांड्या.

"दादा!" मी धापा टाकत म्हटलं, "तुम्ही बरोबर होता. सात मायक्रॉन आमच्या दिव्याचे होते. तुमची कांडी अगदी तीनशे. केसभर नाही, केसाच्या सत्तराव्या भागाइतकीही चूक नाही!"

मला वाटलं तो हसेल. त्याने कप खाली ठेवला.

"आत्ता सांगताय?"

"आत्ताच कळलं."

"मी तीन दिवसांपूर्वीच संपवलं." त्याने ओळीतली पहिली कांडी उचलली. "चार दिवस लागले. सात-सात मायक्रॉन हाताने घासले, सगळ्यांचे. एक तेवढी तुम्ही फिरायला नेली होती म्हणून वाचली. परवा तुमच्याकडे मोजायला दिल्या होत्या. तुम्ही त्या कागदांमागे फिरत होतात, साहेबांनी स्वतः मोजल्या. आज सकाळी घेऊन आलो." खिशातून नवा दाखला काढून त्याने माझ्यापुढे धरला. माप, शून्य. शंका, अधिक-उणे शून्य पूर्णांक एक. सही एकच, साहेबांची. खाली मोजणाऱ्याची जागा रिकामी.

मी कांड्यांकडे पाहत राहिलो. अकराच्या अकरा खरोखर सात मायक्रॉन कमी. पाचच्या मर्यादेबाहेर. आधी होत्या तेव्हा बरोबर असून बाद झाल्या, आणि आता बाद असून उत्तीर्ण. पोलाद कापता येतं, परत चिकटवता येत नाही.

"पण दादा, तुमचा काटा काय सांगत होता? घासताना?"

"सात कमी सांगत होता."

"मग?"

"पोलादही बस म्हणत होतं. मी ऐकलं नाही." तो माझ्याकडे न बघता बोलत होता. "तुम्ही घरी येऊन घड्याळाची गोष्ट सांगितलीत. छान होती. पण कागदावर शून्य पूर्णांक एक होतं, आणि त्याखाली तुमची सही होती, भावजी. तुम्ही खात्री लिहिलीत, मी खात्री वाचली. तिथे सहा लिहिलं असतंत तर मी चिडलो असतो, तुम्हाला चार शब्द बोललो असतो. पण कांडीला हात लावला नसता."

मी सरळ म्हटलं, "चूक माझी." आणि माझी बायको साक्ष देईल, असा प्रसंग आमच्या संसारात दुसरा नाही.

आता मजा बघा. तो दाखला नुसता कंपनीत नेऊन दिला असता तर काम वाचत होतं. माझी सही तेवढी हवी होती. भावाकडे आलेली बायको केव्हाच आत येऊन सगळं ऐकत उभी होती. ती म्हणाली, "सात मायक्रॉन म्हणजे किती हो? डोळ्याला दिसतात?"

"नाही."

"यंत्राला?"

"यंत्राला दिसतात," केसभरच म्हणाला. "गोळ्या एकसारख्या दाबल्या जात नाहीत. एकीत औषध जास्त, एकीत कमी."

तशी ती भावाला म्हणाली, "मग फोन कर."

त्याने केला. आमच्या देखत. खरेदी-अधिकाऱ्याला सांगितलं की दाखला चांगला आहे पण कांड्या वाईट आहेत. तो अधिकारी म्हणाला म्हणे, "लोक मला उलटं सांगायला फोन करतात." तीन आठवड्यांची मुदत दिली. आणि वर बजावलं की दाखला हवाच, खरा.

केसभरने लेथवरची धूळ पुसली. एकसष्टीच्या माणसाने तीन आठवड्यांत अकरा कांड्या करणं म्हणजे काय, ते मी रोज संध्याकाळी तिथे बसून पाहिलं. मदत करायला गेलो होतो. पहिल्याच दिवशी त्याने मला हात मागे बांधून बसायला सांगितलं. शेवटची कांडी त्याने पाटीवर ठेवली तेव्हा त्याची बोटं वळत नव्हती, बहिणीने कप हातात धरवला.

मापशाळेत मी दिवा बंद केला. साहेब आले आणि म्हणाले, "दिसत नाहीये." मी म्हटलं, खोलीत उजेड पुरेसा आहे. ते म्हणाले, "मला दिसत नाहीये, मापारी," आणि पुन्हा चष्मा पुसू लागले, आणि तेव्हा मला तीन वर्षं चालू असलेल्या दिव्याचं खरं कारण कळलं. दुसऱ्या दिवशी डायलपुढे भिंग बसवून दिलं.

आता मास्टर आणि कांड्या शेजारी-शेजारी, दिवसभर, एकाच गार दगडावर निजल्या. साहेबांच्या जिवाचं पाणी झालं, पण मास्टरला कुणाची नजर लागली नाही. बाराही कांड्यांचं माप आलं शून्य.

"झालं!" साहेब एकदम फुलले. "चूक सापडली, काढून टाकली. आता लिहा, अधिक-उणे शून्य पूर्णांक एक."

मी पेन खाली ठेवलं. हा माणूस! एक चोर सापडला म्हणून गावातल्या सगळ्या घरांना कुलपं काढायला सांगणारा!

"साहेब, ही सापडली. न सापडलेल्यांचं काय? मास्टर पाच वर्षांत तपासून आणलेला नाही, तो एखाद्या मायक्रॉनने आखडला असेल. दोन टोकांच्या तापमानात थोडा फरक असेल. डायल दाबतो किती, ते कुणी पाहिलंय? आपल्याला माहीत नाही, म्हणून प्रत्येकीला तिच्या लायकीची रुंदी देऊ. तिन्ही मिळून बेरीज पाच होते."

"पाच? मग कांडी अगदी काठावर नाही का येत? मर्यादाच पाच!"

"सरळ बेरीज करायची नसते. घरातले सगळे नातेवाईक एकाच दिवशी, एकाच बाजूने रुसतात का? एक रुसतो, दुसरा हसतो. सगळे एकदम रुसतील हा संभव फार थोडा. म्हणून बेरजेपेक्षा कमी, पण शून्यापेक्षा पुष्कळ जास्त. हिशोबाने येतात तीन. शून्य, अधिक-उणे तीन. पाचच्या आत बसतं. आणि उद्या कुणी नवी चूक काढली तरी मला तोंड लपवावं लागणार नाही."

"तीन," साहेब पुटपुटले. "लोक काय म्हणतील?"

"वाचलं तर म्हणतील ना."

"मी नाही करणार सही."

"मग मीही नाही. मागच्या वेळी केली होती; अकरा कांड्या माझ्या मेहुण्याकडे बाकावर पडल्यात, त्या बघून या आणि मग बोला."

ते गेले नाहीत. पण अर्धा तास भिंगातून त्या डायलकडे बघत बसले. कशाकडे बघत होते कोण जाणे, काटा तर हलत नव्हता. तोवर मी तीन लिहून माझी सही करून ठेवली होती. मग त्यांनी दाखला ओढला, तिच्या शेजारी सही केली, आणि कागद माझ्याकडे सरकवला.

केसभरला मी तो दाखला स्वतः नेऊन दिला. त्याने नेहमीप्रमाणे आधी दुसरा आकडा वाचला. कपाळाला आठी घातली. कागद उजेडाकडे धरला.

"भावजी, तुम्ही तीन म्हणाला होतात."

"तीनच आहे."

"इथे तीन पूर्णांक शून्य शून्य आहे."

मी कागद हिसकावून पाहिला. माझ्या तीनच्या पुढे साहेबांनी बारीक, सुबक अक्षरात टिंब देऊन दोन शून्यं घातली होती. म्हणजे आम्हाला शंका आहे, पण त्या शंकेबद्दल आम्हाला तिळमात्र शंका नाही!

मी कपाळ समोरच्या बिडाच्या पाटीवर टेकवलं. ती गार होती. तेवढंच सुख.